खरेदीचा काटा

मी टेनिस खेळते असं सांगितलं की आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत पहिला प्रश्न यायचा, "टेबलवालं का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग त्याच्यावर नोकरी लागते का?" मला त्या प्रश्नाचा इतका संताप यायचा की मी मुद्दाम म्हणायचे, "हो, डायरेक्ट कलेक्टर करतात." मग आई मागून पाठीत धपाटा घालायची. नव्वदच्या दशकात त्या अख्ख्या कॉलनीत या खेळाबद्दल गंभीरपणे बोलणारी माणसं दोनच होती, मी आणि माझे बाबा. त्यातल्या बाबांनी माझा उजवा हात घालवला. जाणूनबुजून नाही, पण घालवला.

बाबा ओझरला कारखान्यात टूलरूममध्ये होते. पहाटे कारखान्याची बस पकडायचे, संध्याकाळी परत आले की चहाचा कप उभ्यानेच संपवून मला सायकलवर घालून क्लबच्या कोर्टवर न्यायचे. कोर्ट लाल मातीचं. आधी पाणी मारायचं, मग रोलर फिरवायचा, मग चुन्याच्या रेषा ओढायच्या, आणि उरलेल्या उजेडात खेळायचं. बाबांनी स्वतः आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. पण एकदा का एखादी गोष्ट मनावर घेतली की ते तिचा नटबोल्टसकट अभ्यास करत. माझी सर्व्हिस ते यंत्राकडे बघावं तशी बघायचे. खांदा किती फिरला, मनगट कुठे वळलं, सगळं वहीत आकृती काढून. टूलरूमचा एक नियम त्यांनी मला अंकगणिताच्या आधी शिकवला होता: पार्ट चुकला तर कारागिराच्या हाताला दोष द्यायचा नाही, आधी माप तपासायचं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

त्या वेळी नाशकात रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवणं, धड कुणाला येत नव्हतं. एक दुकानदार बॅडमिंटनच्या रॅकेटला टोच्याने तारा ओढायचा, तसाच टेनिसच्याही ओढायचा आणि वर सांगायचा, "बघा ताई, कशी टणक झाली." दोन दिवसांत ती पोत्यासारखी सैल पडायची. मुंबईला रॅकेट पाठवली तर यायला आठवडा. मी तेरा वर्षांची असताना बाबा एकदा म्हणाले, "एवढं काय आहे त्यात? आपण मशीन करू."

आणि केलं. सातपूरला त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला होता, रविवार रविवार त्याच्याकडे बसून एकेक भाग तयार केला. कल्पना सोपी होती. एक आडवा लोखंडी दांडा, त्यावर पुढेमागे सरकणारं गोल वजन. तारेचं टोक चिमट्यात धरायचं, दांडा सोडायचा, तो आडवा येऊन थांबला की तार ठरलेल्या जोराने ताणली गेली. वजन पुढे सरकवलं की ताण जास्त, मागे घेतलं की कमी. कुठल्या जागेवर किती किलो, याच्या खुणा तेवढ्या दांड्यावर करायच्या राहिल्या. त्यासाठी हवा होता ताणकाटा, हुकाला वस्तू लटकवून वजन करतात तो.

तो दिला मामाने. आईचा हा एकुलता एक भाऊ निफाडच्या बाजूला एका खेड्यात राहायचा. टेम्पो घेऊन शिवारात फिरायचा, बांधावरच शेतकऱ्याकडून कांदा, टोमॅटो, जे असेल ते मोजून घ्यायचा आणि शहरात आणून विकायचा. बाबांनी काट्याची गोष्ट काढली तेव्हा तो आमच्या ओट्यावर बसून भजी खात होता. "दाजी, त्येच्यात काय एवढं? आपल्याकडं हाय ना काटा. लय जुना हाय, पण इमानदार. न्या बिनधास्त." पुढच्या खेपेला पिशवीत कांदे आणि कांद्यांवर तो काटा. पितळी तबकडी, मोठा हूक आणि वरच्या कडीला बांधलेली लाल चिंधी. मला वाटलं, टेम्पोला लिंबू-मिरची बांधतात तसा काही प्रकार असेल. आईने चिंधीकडे पाहिलं आणि कांदे टोपलीत ओतायला आत गेली. हे मला आज आठवतं. तेव्हा त्याचा काही अर्थ नव्हता.

बाबांनी अख्खा रविवार त्या खुणांवर घालवला. दांडा सोडायचा, काटा वाचायचा, वजन केसभर सरकवायचं, पुन्हा सोडायचा. प्रत्येक आकडा तीनदा आला की मगच नंबर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका. बावीसपासून अठ्ठावीसपर्यंतचे आकडे त्यांनी लोखंडात कायमचे उमटवले. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "बोट फिरव." मी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुढे माझ्या एकाही विजयानंतर पाहिलं नाही.

आमचं माप ठरलं सत्तावीस किलो. नवी रॅकेट हातात आली आणि पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. माझा बॉल बाहेर जाईना. कितीही जोरात मारा, आत. पंधराव्या वर्षी मी राज्यातल्या माझ्या वयाच्या मुलींमध्ये पहिल्या चारांत होते. पुण्यामुंबईच्या मुलींचे वडील बाबांना विचारायचे, हिचा कोच कोण? बाबा लाजून म्हणायचे, "आमचं एक घरचं मशीन आहे." त्यांच्या दृष्टीने निम्मं श्रेय मशीनचं होतं. दुर्दैवाने ते खरंच होतं.

सोळाव्या वर्षी कोपर दुखायला लागलं. आधी फक्त सकाळी, दात घासताना. मग दाराची कडी काढताना. बॉल रॅकेटच्या मधोमध नाही लागला तर झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत जायच्या. आई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक द्यायची. बाबा म्हणायचे, "दुखतंय म्हणजे स्नायू तयार होतोय." मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला त्या दुखण्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटायचा. ज्यासाठी अंग दुखावं असं शाळेतल्या बाकीच्या मुलींकडे काय होतं?

अठराव्या वर्षी मी व्यावसायिक स्पर्धा खेळायला लागले. व्यावसायिक हा शब्द फार मोठा आहे. दहा हजार डॉलरची स्पर्धा म्हटलं की नातेवाइकांना वाटायचं ते सगळे मलाच मिळतात. प्रत्यक्षात मी पात्रता फेरीत खेळायचे, हरायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत यायचे. बाबांना रजा नसायची, म्हणून बरोबर आई. तिला टेनिसचे गुण कसे मोजतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती कोर्टाबाहेरच्या बाकावर भाजी निवडत बसायची आणि माझ्या चालण्यावरून ओळखायची, जिंकतेय की हरतेय. जागतिक यादीसाठी पहिला गुण मिळवायचा तर मुख्य फेरीत एक मॅच जिंकावी लागायची. फक्त एक. आमच्या घरात दीड वर्षं या एका मॅचशिवाय दुसरा विषय नव्हता.

ती मॅच दिल्लीत आली. पात्रतेच्या तीन फेऱ्या मी जिंकले, पण माझ्या तीनपैकी दोन रॅकेटींच्या तारा तुटल्या. तोपर्यंत माझ्या रॅकेटला बाबांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. नाइलाजाने मी त्या दोन्ही स्पर्धेतल्या गटिंगवाल्याकडे दिल्या आणि बजावून सांगितलं, सत्तावीस किलो, कमी नको, जास्त नको.

मुख्य फेरीत समोर होती बाहेरच्या देशातली एक उंच मुलगी, तिला उन्हाचा त्रास होत होता. बाबांच्या हातची उरलेली रॅकेट घेऊन मी पहिला सेट घेतला. दुसऱ्यात तीन-एकने पुढे होते. बाकावर आई मटार सोलत होती आणि तिचे हात थांबले होते, म्हणजे तिलाही कळलं होतं. तेवढ्यात तार तुटली. मी दुसरी रॅकेट घेतली. पहिला बॉल मारला तो मागच्या जाळीवर. दुसराही. हात तोच, फटका तोच, आणि बॉल पक्षी सोडल्यासारखा उडून जात होता. तिसरी रॅकेट घेतली, तिचीही तीच तऱ्हा. मी कमी जोराने मारायला लागले तर ती पोरगी पुढे येऊन मला फोडून काढायला लागली. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात मला एकच गेम मिळाला.

मी हस्तांदोलन करून तडक गटिंगवाल्याच्या टेबलाकडे गेले. रडत नव्हते. तेव्हा मी हरल्यावर रडायचे नाही, भांडायचे. तो जालंधरचा म्हातारा माणूस होता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्याने मशीनला ताण मोजायचा छोटा काटा लावला, मशीन सत्तावीसवर ठेवलं आणि मला वाचायला लावलं. बरोब्बर सत्तावीस होतं.

"बेटा, तुमने सत्ताईस बोला, मैंने सत्ताईस किया," तो म्हणाला. "लेकिन जो पुरानी तार मैंने काटी, वो तीस से कम नहीं थी. काटते वक्त गोली जैसी आवाज़ हुई." त्याने माझी रॅकेट आडवी धरून दाखवली. तिचा गोल वरून किंचित चपटा झाला होता. मी इतकी वर्षं ती रोज हातात धरत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. "किसने किया है ये?"

"माझ्या बाबांनी," मी मराठीतच म्हणाले.

त्याने माझ्या कोपराकडे पाहिलं. पट्टी बांधलेली होती. "कब से दुखता है?" मी रॅकेटी उचलल्या.

परतीच्या गाडीत मी आईशी बोलले नाही. तिला वाटलं, हरल्यामुळे. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा कामावर आणि आई भाजीला गेल्यावर मी गॅलरीतल्या खिळ्यावरचा काटा काढला. स्वयंपाकघरात गॅसचा रिकामा सिलिंडर होता. प्रत्येक सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन रंगवलेलं असतं, त्यावर होतं पंधरा पॉइंट नऊ. लहानपणी माझा झोका बांधायचे ती कडी अजून दाराच्या वर होती. तिला काटा अडकवला आणि डाव्या हाताच्या जोरावर सिलिंडर हुकाला टांगला. काटा चौदाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. मी तबकडीवर टिचकी मारली. तो हलला नाही.

दहाला एक. दहा किलोला काटा नऊ दाखवत होता. बाबांनी ज्याला सत्तावीस म्हणून पंच मारला ते तीस होतं. सहा वर्षं मी तीस किलोच्या फळीने खेळत होते. तारा जितक्या कडक तितका बॉल कमी उडतो, आणि त्याचा सगळा हादरा कोपर खातं.

मागे पिशवी पडल्याचा आवाज झाला. आई दारात उभी होती. सिलिंडर, काटा आणि मी, एवढं पाहून तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. ती खालीच बसली.

"लाल चिंधीवाला खरेदीचा," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या वेळेपासून दोन काटे आहेत घरात. विकायचा वेगळा. गड्यांकडून अदलाबदल व्हायला नको म्हणून चिंधी बांधतात."

"तुला त्या दिवशीच माहीत होतं?"

"मला वाटलं, आपल्याला कांदे थोडेच मोजायचेत."

मला तिला मारावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मापात पाप म्हणतात ते मी पाचवीत निबंधात लिहिलं होतं. त्या पापाचं गाठोडं बांधावर राबणाऱ्या कुणाच्या डोक्यावरून उतरून माझ्या कोपरात येऊन बसलं होतं, आणि माझी आई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मला सांगत होती, "ह्यांना सांगू नकोस. हे मशीन म्हणजे त्यांचा जीव आहे. आणि माझं माहेर तुटेल गं. एकच भाऊ आहे मला."

मी सांगितलं नाही. आईची दया आली म्हणून नाही. बाबांचा तो आकड्यांवरून बोट फिरवायला लावतानाचा चेहरा मला मोडायचा नव्हता. मी फक्त म्हणाले, "बाबा, आता चोवीसवर ठेवा."

"चोवीस?" बाबा हसले. "बॅडमिंटन खेळायचंय का?" पण ठेवलं.

पुढचं वर्षभर मी हरत राहिले. ताण योग्य होता, पण माझा सगळा खेळ चुकीच्या मापावर बेतलेला होता. प्रत्येक फटक्याला हात आपोआप तीस किलोच्या हिशेबाने जायचा आणि बॉल बाहेर. शिवाय कोपर आता पाण्याचा तांब्या उचलायलाही नकार देत होतं. अशीच एक स्पर्धा पहिल्या फेरीत हरून आम्ही परत आलो, तेव्हा बाबा आम्हाला घ्यायला नाशिक रोड स्टेशनवर आले होते. माझी बॅग त्यांनी खांद्यावर घेतली. जिना चढताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन तेच, रॅकेट तीच, ताणसुद्धा तू मागितलास तो दिला. मग बदललं काय? तुझ्यात दम राहिला नाही." आई माझ्या मागून येत होती. तिने माझा हात धरला. मी तो झटकला.

एकविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, शिरेच्या चिंध्या झाल्यात, एवढं होईपर्यंत काय करत होता? मामा द्राक्षांची पेटी घेऊन दवाखान्यात आला आणि माझ्या पायाशी बसून खराखुरा रडला. "कुनाची नजर लागली वं माझ्या भाचीच्या हाताला," म्हणाला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मी एकही स्पर्धा खेळले नाही. तो एक गुण मला कधीच मिळाला नाही. पुढे एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, आणि तिथेही मुलं विचारायची, "मॅडम, टेबलवालं का?"

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कुणाला सांगितलीच नसती. पण बाबा निवृत्त झाले. तोपर्यंत नाशकात टेनिसला बरे दिवस आले होते, दोन-तीन नवी कोर्ट झाली होती. बाबांनी गॅलरीत मशीन मांडलं आणि क्लबातल्या मुलांच्या रॅकेटी आमच्याकडे यायला लागल्या. त्यांचा दिवस भरून गेला. पोरं त्यांना गटिंगकाका म्हणायची. मी बघत होते आणि स्वतःला समजावत होते, ही काही रोज चार तास खेळणारी मुलं नाहीत, काही होत नाही.

मग एका संध्याकाळी एक दहा वर्षांची मुलगी रॅकेट न्यायला आली. चांगली खेळायची, मी तिला पाहिलं होतं. बाबांनी रॅकेट पुढे केली, तर तिने ती डाव्या हाताने घेतली आणि उजवं कोपर पोटाशी धरलं. "दुखतंय का गं?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "थोडंसं." बाबा म्हणाले, "दुखतंय म्हणजे स्नायू तयार होतोय."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि माझी मलाच शिसारी आली. आईचं माहेर, बाबांचा चेहरा, सगळं सांभाळून मी एका पोरीच्या हाताचा बळी देत होते. तरी तोंड उघडायचं धैर्य झालंच नाही. मी चोरवाट काढली. बाबा लग्नाला गावी गेले होते तेव्हा दांड्यावरचं ते गोल वजन काढून सातपूरच्या त्याच लेथवाल्याकडे नेलं आणि खालच्या बाजूने ड्रिल मारून त्याचा दहावा हिस्सा कमी करून आणला. वरून काही दिसत नव्हतं. आकडे तेच राहणार होते, फक्त आता ते खरे होणार होते.

टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाताला वजनातला फरक कळणार नाही, असं मी कसं धरून चालले कोण जाणे. बाबा परत आले, दुसऱ्या सकाळी गॅलरीत बसले, वजन उचललं आणि तसेच थांबले. मग ते उलटं केलं. मी आतून बघत होते. त्या भोकात त्यांनी बोट घालून पाहिलं. उठून खिळ्यावरचा काटा काढला, त्याच्या चिंधीचा रंग आता मातकट झाला होता. दोन्ही वस्तू दोन हातांत घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले. आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"किती मारत होता काटा?" त्यांनी मला विचारलं.

"दहाला एक."

"तुला कधी कळलं?"

"दिल्लीहून आल्यावर."

ते मनात वर्षं मोजत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. आईकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग ते गॅलरीत गेले आणि मुलांच्या तयार करून ठेवलेल्या सगळ्या रॅकेटींच्या तारा कात्रीने कापायला लागले. प्रत्येक वेळी तो आवाज येत होता, दिल्लीच्या म्हाताऱ्याने सांगितला होता तसा. सगळ्या कापून झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आधी माप तपासायचं," ते म्हणाले. "आणि स्टेशनच्या जिन्यावर मी तुला म्हणालो होतो, तुझ्यात दम राहिला नाही."

"हो," मी म्हणाले.